विश्लेषण : घाटात सायकल ‘पळते’ ती कार्बनमुळे की फ्रेमच्या मापामुळे?

रेसिंग सायकलची परीक्षा घ्यायला पिंपळनेरकरांना लांब जावे लागत नाही. सटाण्याकडे निघाले की शेलबारी घाट, नवापूरकडे वळले की चरणमाळ. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. त्यातल्या सायकली मोबाइलवर पाहिल्या की पहिला प्रश्न किमतीचा पडतो आणि दुसरा, आपणही कार्बनचीच घ्यावी का? दुकानात बोलणेही वजनापासूनच सुरू होते. खरे तर सुरुवात फ्रेमच्या मापांपासून व्हायला हवी.

एक किलोने किती फरक पडतो?

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना अर्थात यूसीआयच्या नियमानुसार रोड रेसमधली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. हा नियम २००० पासूनचा आहे. आता आपला हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो, घाट चढायला २० मिनिटे लागतात असे समजा. सायकल एक किलोने हलकी झाली आणि पायाची ताकद तेवढीच राहिली, तर वाचतात साधारण १६ सेकंद. शर्यतीत हा फरक मोठा आहे. पण रविवारी घाट चढणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढावे, एवढा नाही. भरलेली एक लिटरची पाण्याची बाटलीही एक किलोचीच असते.

मापांचा खेळ काय आहे?

दुधाच्या किटल्या वाहणारी जुनी काळी सायकल आठवा. चिमटा पुढे झुकलेला, दोन चाकांत भरपूर अंतर, बसणारा ताठ. खड्डा आला तरी ती सरळ जाते. रेसिंग सायकलीत हेडची नळी बरीच उभी, जमिनीशी साधारण ७३ अंशांत असते. पायडलच्या अ‍ॅक्सलपासून मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर जेमतेम ४१ सेंटिमीटर. म्हणून ती लगेच वळते.

यामागे ‘ट्रेल’ नावाचे एक माप आहे. हेडच्या नळीतून सरळ रेषा जमिनीपर्यंत ओढली, तर ती पुढचे चाक टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. रेसिंग सायकलीत ते साधारण ५.५ ते ६ सेंटिमीटर असते. ट्रेल जास्त असेल तर सायकल आपली दिशा धरून राहते, पण वळवायला जड जाते. कमी असेल तर हँडल चपळ, आणि नवख्याला घाबरवणारे. हा फरक चढावर फारसा जाणवत नाही, उतारावर चांगलाच जाणवतो.

त्याहून महत्त्वाची मापे दोन, स्टॅक आणि रीच. पायडलच्या अ‍ॅक्सलपासून हेडचे वरचे टोक किती उंच, तो स्टॅक. किती पुढे, तो रीच. रेसच्या फ्रेममध्ये स्टॅक कमी आणि रीच जास्त, म्हणजे स्वार खाली वाकतो. ताशी ३० किलोमीटरच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेला अडवते ते मुख्यतः स्वाराचे अंग, सायकल नव्हे. पण पाठीला सवय नसेल तर हेच वाकणे महागात पडते. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी रंग पाहून जुनी रेसर घेतली. फ्रेम दोन साइज मोठी निघाली. पिंपळनेरहून साक्रीला पोहोचेपर्यंत मान आखडलेली आणि तळहात बधिर! सीट पुढे-मागे करून चुकीच्या फ्रेमचे माप बदलत नाही, हे तेव्हा कळले.

मग धातूला महत्त्व नाही का?

आहे. स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, पण कडकपणाही तिप्पट. मग अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हलकी कशी? नळीचा व्यास वाढवून. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की कडकपणा सुमारे आठपट होतो. कार्बन हा धातू नाही. धागे आणि रेझिनचे थर आहेत. धागा ज्या दिशेने, ताकद त्या दिशेने. म्हणून पायडलजवळ कडक आणि सीटखाली थोडी लवचिक अशी एकच फ्रेम बनवता येते. ‘कार्बन म्हणजे आराम’ हे मात्र अर्धेच खरे. उखडलेल्या रस्त्यावर हाडे वाचतात ती जास्त करून टायरमुळे. त्यामुळे फ्रेममध्ये २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर बसतो का, हे आधी विचारा.

आपल्याकडे दुरुस्तीचाही विचार हवा. स्टीलची नळी तडकली तर चांगला कारागीर पितळी वेल्डिंगने सांधू शकतो. अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगच्या जागी मऊ पडते; पुन्हा उष्णताप्रक्रिया केल्याशिवाय पहिली ताकद येत नाही. कार्बनची दुरुस्ती होते, पण ते खास काम आहे, गावातल्या गॅरेजचे नव्हे.

जुनी कार्बन फ्रेम घेत असाल तर सीटचा क्लॅम्प, पायडलच्या अ‍ॅक्सलभोवतीचा भाग आणि चिमट्याचे वरचे टोक नीट पाहा. नाण्याने टकटक करा. एकाच जागी आवाज बद्द आला तर व्यवहार तिथेच थांबवा. आवाज ठीक आला म्हणून फ्रेम ठीक, असेही नाही. आतला तडा बाहेरून दिसत नाही आणि कार्बन वाकून इशारा न देता एकदम तुटतो. अपघात झालेली कार्बन सायकल कितीही स्वस्त मिळाली, तरी तपासून घेतल्याशिवाय शेलबारीच्या उतारावर नेऊ नका.