झडपेनंतरचे दिवस : लेखांक सातवा – मंदावलेली नाडी

हृदयाची झडप बदलण्याची किंवा दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया आटोपून रुग्ण लातूर, सोलापूर, पुणे किंवा हैदराबादहून औशाला परततो, तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा चार-पाच औषधे लिहिलेली असतात. त्यांपैकी रक्त गोठू न देणाऱ्या गोळीचा विचार मागील दोन लेखांकांत झाला. त्याच कार्डावर मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, अटेनोलॉल यांपैकी एखादे, म्हणजे ‘लॉल’ने संपणारे, नाव बहुतेक वेळा आढळते. या गटातील औषधांना बीटा-ब्लॉकर म्हणतात. घरात मात्र या गटातील गोळीला सरसकट ‘बीपीची गोळी’ म्हटले जाते, आणि ‘बीपी तर कधी नव्हतेच, मग ही कशाला’ या साध्या शंकेतून तिच्याविषयीचा अविश्वास सुरू होतो. अंगातले त्राण गेल्यासारखे वाटू लागले की सर्वांत आधी बंद केली जाते तीही हीच गोळी.

शंका रास्त असल्यामुळे तिचे उत्तर आधी दिले पाहिजे. भीती, श्रम किंवा वेदना यांच्या वेळी शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याच्यासारखी द्रव्ये स्रवतात व ती पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या रेणूंना, चिकटून हृदयाला वेगाने आणि जोराने चालायला लावतात. या ग्राहकांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असावेत, हे अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. त्या कल्पनेचा धागा धरून स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बीटा ग्राहक झाकून टाकणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडवले आणि पुढे १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्यांत त्यांचा समावेश झाला. ब्लॅक यांचा मूळ हेतू रक्तदाब उतरवण्याचा नव्हता, तर हृदयाला लागणारी प्राणवायूची गरजच कमी करण्याचा होता, आणि झडपेच्या रुग्णाला ही गोळी देण्यामागचे कारणही त्याच्या जवळचे आहे.

आपल्याकडे झडपांच्या विकारामागे अजूनही अनेकदा लहानपणीचा संधिवाताचा ताप असतो. घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जीवाणूविरुद्ध शरीराने उभारलेली फौज सांध्यांबरोबर हृदयाच्या झडपांवरही उलटते आणि डाव्या बाजूची मायट्रल झडप वर्षानुवर्षे जाड व अरुंद होत जाते. तिच्या मागचा कप्पा ताणून मोठा होतो आणि ताणलेल्या कप्प्यात ठोक्यांची लय बिघडण्याची शक्यता वाढते. झडप नवी बसली तरी तो कप्पा जुनाच राहतो, त्यात शस्त्रक्रियेनंतर हृदयाच्या आवरणाला सूज असते आणि रक्तातील अ‍ॅड्रिनॅलिनही वाढलेले असते. म्हणूनच झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीनांतील एका रुग्णाला, कधी त्याहून अधिकांना, बहुतेक करून दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, अनियमित आणि वेगवान ठोक्यांचा त्रास होतो, ज्याला वैद्यकीय भाषेत एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. बीटा-ब्लॉकरने ही शक्यता घटते, आणि त्रास झालाच तर ठोक्यांचा वेग आटोक्यात राहून दोन ठोक्यांमध्ये हृदयाला रक्ताने भरायला अवसर मिळतो. थोडक्यात, नाडी मंदावणे हा या गोळीचा दोष नसून तेच तिचे काम आहे. दोष सुरू होतो तो मंदावण्याची मात्रा चुकली म्हणजे.

तरीही त्रास होतो, आणि तो खोटा नसतो. मांड्यांत शिसे भरल्यासारखे वाटणे, जिना चढताना दम लागण्याआधीच पाय थांबणे, बोटे गार पडणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, रात्री विचित्र स्वप्ने पडून झोप मोडणे, या तक्रारी नेहमीच्या आहेत. चालताना निरोगी माणसाची नाडी ७० वरून सहज ११० वर जाते, परंतु गोळीमुळे ती ८५ च्या आसपास अडली, तर स्नायूंना वाढीव रक्त हवे असताना ते पोहोचत नाही आणि हेच ‘गळून जाणे’ म्हणून जाणवते. औशातील नाथसंप्रदायाच्या चक्रीभजनात गोल फिरत नाचणाऱ्या माणसाला हा फरक कदाचित सर्वांत आधी कळेल, कारण तेथे नाडी वाढल्याखेरीज पाय उचलतच नाहीत. म्हणून या काळात चालण्याचा व्यायाम नाडीच्या आकड्यावर न ठरवता बोलण्यावर ठरवणे बरे: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरेसा. पंधरा लिटरची घागर मात्र छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिने, उचलायची नाही, मग नाडी कितीही असो.

पण हा थकवा एकट्या गोळीचा असतो काय? या लेखांकाचा खरा विषय हाच आहे. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २००२ मध्ये १५ चाचण्यांतील ३५ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात असे दिसले की, बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत थकव्याची तक्रार बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत दरवर्षी हजारी १८ नेच जास्त होती. तो आढावा झडपेच्या रुग्णांचा नव्हता, हे ध्यानात ठेवूनही त्यातून एवढे नक्की म्हणता येते की, थकलेल्या माणसाने गोळीवर ठेवलेला ठपका बऱ्याच वेळा अर्धाच खरा असतो. झडपेच्या रुग्णाच्या थकव्याला मालक पुष्कळ असतात आणि ते ओळखण्याची सर्वांत साधी खूण म्हणजे थकव्याची दिशा.

शस्त्रक्रियेचा थकवा आठवड्यागणिक ओसरत जातो. गोळीचा थकवा ती सुरू झाल्यापासून किंवा मात्रा वाढवल्यापासून काही दिवसांतच येतो, त्याच्याबरोबर नाडी मंद असते आणि अनेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत शरीर त्याला सरावते. परंतु आधी बरे वाटून नंतर पुन्हा खालावत जाणारा थकवा हा या दोहोंपैकी कोणाचाच नसतो असे धरून चालावे. त्यामागे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे आतल्या आत होणारा रक्तस्राव आणि त्यातून आलेला पंडुरोग असू शकतो, हृदयाच्या आवरणात साचलेले पाणी असू शकते, नव्या झडपेवरचा जंतुसंसर्ग किंवा तिच्यावर जमलेली रक्ताची गुठळीही असू शकते. अमिओडॅरोन हे लयीचे औषध चालू असल्यास थायरॉइड मंदावल्याचीही शक्यता असते. काळ्या रंगाची शौच, सायंकाळचा ताप, आडवे झाल्यावर वाढणारा दम, पायांवरची सूज, किंवा धातूच्या झडपेचा रोज ऐकू येणारा टिकटिक आवाज बोथट होणे, यांपैकी काहीही असेल तर दोष बीटा-ब्लॉकरला देत बसणे महागात पडते, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

येथे मराठवाड्यातल्या एका सवयीचा उल्लेख टाळता येत नाही. अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात जाऊन एक बाटली सलाईन लावून घ्यायची आणि ‘तरतरी आली’ म्हणून परतायचे, ही रीत इतकी रुळली आहे की तीत काही चुकत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. एका बाटलीत अर्धा लिटर खारे पाणी असते. ज्या हृदयाचा भार कमी व्हावा म्हणून लघवी वाढवणारी गोळी सकाळी दिली गेली, त्याच हृदयावर दुपारी हे पाणी शिरेवाटे लादले, तर फुप्फुसांत पाणी साचून दम वाढू शकतो, आणि नाडी मंद असल्यामुळे आलेला अशक्तपणा त्याने तसाही जात नाही. सोबत कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेतले, तर पातळ रक्ताच्या रुग्णाला पोटातील रक्तस्रावाचा धोका वेगळाच.

त्रासांपैकी चक्कर ही सर्वांत गंभीरपणे घेण्याची गोष्ट आहे, कारण इतर कोणाच्या बाबतीत भोवळ येऊन पडणे म्हणजे गुडघा फुटणे असेल, परंतु रक्त पातळ असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पहाटे उठताना आधी कुशीवर वळणे, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसणे आणि त्यानंतरच आधार धरून उभे राहणे हा क्रम पाळावा. उकिडवे बसण्याच्या शौचालयातून झटकन उठणे टाळावे आणि रात्रीचा दिवा चालू ठेवावा. डोक्याला मार लागलाच तर जखम दिसो वा न दिसो, तपासणी करून घ्यावी.

औसा तालुक्याचे हवामान या त्रासात भर घालते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, घामाने शरीरातले पाणी घटते, रक्तदाब आधीच उतरलेला असतो आणि तो सावरण्यासाठी एरवी जी नाडी वाढली असती तिला गोळीने आवर घातलेला असतो. पाण्याची ओढ तर येथे जुनी आहे: २०१६ च्या एप्रिलात लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि टंचाईच्या दिवसांत घरातल्या बायका स्वतःच्या पिण्यात काटकसर करतात ही गोष्ट कोणत्याही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली नसते. उलट हृदयाच्या काही रुग्णांना पाणी मोजूनच प्यायला सांगितलेले असते. तेव्हा ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला या रुग्णांना लागू पडत नाही, तर उन्हाळ्यात दिवसाला किती तांबे पाणी चालेल आणि लघवीच्या गोळीची मात्रा बदलायची का, हे फाल्गुनातच डॉक्टरांना विचारून ठेवणे शहाणपणाचे.

उपवासाचेही असेच आहे. नवरात्रात तुळजापूरकडे पायी निघणाऱ्यांना आणि रमजानचे रोजे धरणाऱ्यांना, दिवसातून एकदाच घ्यावयाच्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळीची वेळ बदलून देता येते, मात्र ती आधी ठरवून. अशी गोळी चावून किंवा कुटून घेतली, तर दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते व नाडी धोकादायक रीतीने घसरू शकते. मधुमेह असलेल्या रुग्णाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड आणि थरथर या गोळीमुळे दबते, घाम मात्र दबत नाही. म्हणून उपाशीपोटी अचानक घाम फुटला, तर ग्लुकोमीटरने साखर मोजावी. दम्याच्या रुग्णाने छातीत सूं-सूं वाढल्यास ते त्वरित कळवावे, कारण बीटा ग्राहक श्वासनलिकांतही असतात. स्वप्नांचा त्रास मेटोप्रोलॉल व प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या, मेदात विरघळून मेंदूपर्यंत सहज पोहोचणाऱ्या औषधांनी अधिक होतो, आणि वेळ किंवा औषध बदलून तो बहुधा मिटतो.

पुरुष रुग्ण ज्या त्रासाविषयी बोलत नाहीत, त्याबाबत इटलीत झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विलक्षण आहे. हृदयविकाराच्या ९६ पुरुषांचे ३२ चे तीन गट करून सर्वांना अटेनोलॉलची तीच मात्रा देण्यात आली. पहिल्या गटाला औषधाचे नाव सांगितले नव्हते, दुसऱ्याला फक्त नाव सांगितले होते, आणि तिसऱ्याला नावाबरोबर त्याने लैंगिक दुर्बलता येऊ शकते हेही सांगितले होते. तीन महिन्यांनी ही तक्रार पहिल्या गटात एकाने, दुसऱ्यात पाचांनी आणि तिसऱ्यात दहांनी केली. अपेक्षेने त्रास घडतो तो असा, आणि प्रस्तुत लेखांक वाचूनही काही वाचकांना आज संध्याकाळी बोटे जरा गार वाटतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय म्हणजे माहिती दडवणे नव्हे, तर जाणवलेल्या गोष्टीला मोजलेल्या गोष्टीची जोड देणे.

मोजण्यासाठी एक वही आणि सेकंद-काटा असलेले घड्याळ पुरते. सकाळी गोळी घेण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवून, ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची युक्ती लय अनियमित असताना फसवते, आणि घरगुती रक्तदाबयंत्राचा आकडाही अशा वेळी दरवेळी वेगळा येतो. नाडी, रक्तदाब, गोळीची वेळ आणि त्रासाची वेळ, एवढे चार रकाने पुरे. विश्रांतीत नाडी ५० च्या खाली असेल, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना दूरध्वनी करावा, आणि सोबत भोवळ, दम किंवा गोंधळल्यासारखे वाटत असेल तर थेट रुग्णालयात जावे. डिगॉक्सिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल किंवा अमिओडॅरोन चालू असल्यास ही दक्षता अधिक हवी, कारण तीही नाडी मंदावणारीच औषधे आहेत.

आपल्या मनाने गोळी तोडण्याचा परिणाम १९७० च्या दशकापासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला आहे. ग्राहक बराच काळ झाकलेले राहिले की पेशी त्यांची संख्या वाढवतात, आणि औषध अचानक थांबले म्हणजे वाढलेल्या त्या सर्व ग्राहकांवर अ‍ॅड्रिनॅलिन एकदम तुटून पडते. नाडी उसळते, रक्तदाब चढतो, दबलेली लय पुन्हा बिघडू शकते. यात हेतूला महत्त्व नाही, मेडिकलमध्ये ती कंपनी मिळाली नाही म्हणून चार दिवस खंड पडला तरी शरीराला ते तसेच कळते. म्हणून पाकिटावर छापलेले मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावेत आणि शेवटची दहा गोळ्यांची पट्टी उघडली की पुढची आणावी. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दोन एकत्र घेऊ नयेत.

ही गोळी प्रत्येकाला जन्मभर लागतेच असे नाही. लय नियमित राहिली आणि हृदयाची आकुंचनशक्ती चांगली असली, तर अनेक रुग्णांत काही आठवडे ते तीन महिन्यांनी ती कमी करण्याचा विचार होतो. लय कायमची अनियमित असेल किंवा हृदय दुर्बल असेल, तर मात्र ती दीर्घकाळ चालते. कमी करताना डॉक्टर बहुधा मात्रा निम्म्यावर आणतात, आठ-पंधरा दिवस नाडी पाहतात, पुन्हा निम्मी करतात, आणि या काळात वहीतला सकाळचा आकडा ६२ वरून ७० वर, ७० वरून ७८ वर सरकताना दिसतो. तो एकदम १०० च्या पुढे गेला किंवा ठोके पुन्हा वेडेवाकडे पडू लागले, तर उतरण तेथेच थांबवून ईसीजी काढावा लागतो.