हॉटेलचे दार उघडले, ताटाचे काय?

आम्ही पक्के खवय्ये. 'अस्सल गावरान' अशी पाटी दिसली की पाय थांबतात. पण हा हक्क आयता मिळालेला नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी तयार नव्हते. राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे चहा प्यायले. पुढे बाबासाहेबांच्या राज्यघटनेतील कलम १५ ने उपाहारगृहाची दारे सर्वांना खुली केली.

आज आम्ही टेबलावर मानाने बसतो. पण आमचे ताट कुठे आहे? 'मराठवाडी थाळी'त आम्हाला चान्या कधीच दिसल्या नाहीत. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. समाजाने ते सोडले, याचा आम्हाला अभिमानच आहे. मात्र लाचारी सोडणे वेगळे आणि मूठभर मिठामिरचीवर घर जगवणाऱ्या आजीचे कसब विसरणे वेगळे! शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात हे कसब नोंदवून ठेवले.

बंधू-भगिनींनो, आजी आहे तोवर तिला विचारा, लिहून ठेवा. आपल्या चुलीचा इतिहास दुसरा कोण लिहिणार?