गाडी आपली, अंगण कोकणातलं

रोज थोडंच अंतर, मध्ये खाडी ओलांडणारी बोट आणि रात्री वाडीतल्या घरी मुक्काम. कुटुंबासोबत चार रात्रींची कोकण सहल अशी आखा.

हॉटेल बुक केलं, आठ तास गाडी पळवली आणि पोहोचल्यावर सगळे थकून झोपले. तुमच्याही सुट्टीचा पहिला दिवस असाच जातो का? मग या वेळी गाडी कोकणच्या किनारी रस्त्याला लावा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे २५०० किलोमीटरचा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ आहे. तिथे पर्यटक रोज नव्या गावी, कुणाच्या तरी घरी मुक्काम करतात. आपल्याकडे रेवस ते रेडी हा सागरी मार्ग तसाच आहे आणि ताटात वाढलेलं सगळं आपल्या ओळखीचं!

रस्ता संपतो तिथे बोट

या मार्गाची गंमत म्हणजे तो मध्येच पाण्यापाशी थांबतो. समोर खाडी असते. तिथे गाडी थेट फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे उतरायचं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. पुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे असे टप्पे लागतात. मुलांना तर ही बोटच सहलीचा सर्वात मोठा आनंद वाटते. मात्र निघण्याआधी फोन करून फेरी सुरू आहे ना, शेवटची कधी सुटते, हे विचारून घ्या. ती चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.

चार रात्री, चार गावं

पहिला मुक्काम दिवेआगर. वाटेत मुरुडजवळ जंजिरा किल्ला दिसतो. दुसऱ्या दिवशी शेखाडीच्या समुद्रालगतच्या रस्त्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बोटीने वेसवी आणि रात्री वेळास. तिसऱ्या दिवशी केळशीमार्गे आंजर्ले. तिथे कड्यावरचा गणपती पाहा, संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव. चौथ्या दिवशी दाभोळची खाडी ओलांडून गुहागर. परतताना चिपळूणला मुंबई-गोवा महामार्ग पकडा. नकाशावर अंतरं लहान दिसतील, पण रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. म्हणून रोज तीन-चार तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग ठेवू नका.

मुक्काम घरीच का?

इथली जुनी घरं नारळ-सुपारीच्या वाडीत असतात. पुढे अंगण, मागे विहीर, ओटीवर झोपाळा. नाश्त्याला घावणे किंवा आंबोळी, जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगायचे. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेली घरंही मिळतात.

पण कारण फक्त चवीचं नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आदळलं. पिढ्यान्पिढ्या जपलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, पण सुपारीचं नवं झाड लावल्यावर फळ हाती यायला कित्येक वर्षं जातात. तोवर घर कशावर चालवायचं? अशा वेळी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दोन खोल्याच आधार होतात. तुम्ही एका रात्रीचे जे पैसे देता, ते थेट त्या घरात जातात.

वेळासने हेच करून दाखवलं. ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालतात. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांसोबत संवर्धन सुरू केलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्याच घरांत राहू लागले. कासव वाचलं तर पाहुणा येतो, हे गावाला पटलं. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर सकाळ-संध्याकाळी इवली पिल्लं समुद्राकडे धावताना दिसू शकतील. फ्लॅश मारू नका, पिल्लांना हात लावू नका.

पाहुण्यासारखं वागा

* हे हॉटेल नाही. किती जण येणार, शाकाहारी किती, पोहोचणार कधी हे आधी कळवा. काकू तुमच्या हिशोबानेच भाजी आणि मासळी आणतात.
* बेत रद्द झाला तर लगेच सांगा. ऐनवेळी न गेल्यास शिजवलेलं अन्न आणि ती रात्र, दोन्ही फुकट जातं.
* चुलीवरचं जेवण, विहिरीचं पाणी याचं कौतुक करा, पण स्वयंपाकघराचे फोटो विचारूनच काढा.
* वाडीतलं शहाळं किंवा फणस न विचारता तोडू नका.

स्टिअरिंग हाती घेण्याआधी

इथे दिल्लीत, मुनिरकातली आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं सुट्टीत गाडी हिमाचलकडेच वळवतात. तुम्हीही लांब राहत असाल तर रेल्वेने किंवा विमानाने मुंबई-पुण्याला या आणि तिथे गाडी भाड्याने घ्या. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या परवानाधारक गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीतून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

गाडी वाळूत मुळीच उतरवू नका. चाकं रुततात आणि भरतीचं पाणी वाट पाहत नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे कालची वेळ आज धरू नका, रोज यजमानांना विचारा. हरिहरेश्वरचा खडकांवरचा प्रदक्षिणा मार्ग फक्त ओहोटीलाच आणि स्थानिकांच्या सल्ल्यानेच करा. पंप दिसला की टाकी भरून घ्या आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, कारण रेंज कुठेही जाऊ शकते.

निघताना यजमानांकडून कोकम, आमसुलं, कुळथाचं पीठ विकत घ्या. सामानात फारशी जागा लागणार नाही आणि घरी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी सोलकढी करता येईल.