‘ओ’ गटाचेही रक्त जिवावर उठते तेव्हा

मेडिकल म्हणा की मेयो म्हणा, नागपुरात आजारी माणसाला रक्त द्यायची वेळ आली म्हणजे नातेवाइकांची धांदल पाहण्यासारखी असते. थोरले बंधू बाही सरसावून पुढे होतात. “माझा गट ओ, हिचाही ओच, मग वाट कसली पाहता?” असे म्हणून ते रक्तपेढीतल्या तंत्रज्ञावर डाफरतात. तो बिचारा काचनळीत दोघांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून स्वस्थ पाहत बसलेला असतो. त्या बसण्याचे मोल मुंबईत १९५२ साली कळून आले.

मूळ हिशेब साधा आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले की, आपल्या तांबड्या पेशींवर ‘ए’ किंवा ‘बी’ अशी खूण असते. काहींवर दोन्ही असतात, काहींवर एकही नसते. जी खूण आपल्यापाशी नाही तिच्यावर तुटून पडणारी द्रव्ये आपल्या रक्तात आधीच तयार असतात. म्हणून ए गटाच्या रोग्याला बी गटाचे रक्त चढवले की आलेल्या पेशी फुटू लागतात, थंडी वाजून ताप भरतो, कंबर दुखते, लघवी काळसर होते आणि मूत्रपिंडे बंद पडून रोगी दगावूही शकतो. ओ गटाच्या पेशींवर एकही खूण नाही, तेव्हा हा सर्वांना चालणारा दाता, अशी सर्वांची समजूत होती.

मग मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना तीन माणसे अशी आढळली की, वरवर पाहता त्यांचा गट ओच. पण त्यांचे रक्त ओ गटाच्या पेशींनाही जुमानीना! १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि या गटाला जगभर ‘बॉम्बे’ हे नाव पडले.

असे होते कसे? घराला जोते असते ना, तशी ए आणि बी या खुणांखाली ‘एच’ नावाची खूण असते. ओ गटात नुसतेच जोते असते. बॉम्बे गटात तेही नाही. मग ए-बीच्या भिंती उभ्या राहणार कशावर? आईबापांकडून आलेला ‘बी’चा वारसा मात्र अंगात लपून असतो. त्यामुळे ‘ओ’ समजल्या गेलेल्या आईला बी गटाचे मूल होते आणि घरात नसता संशय शिरतो. अशा वेळी भांडणाआधी प्रयोगशाळा गाठावी हे बरे.

भारतात दहा हजारांत सुमारे एक, असा या गटाचा अंदाज सांगतात. २०११ च्या शिरगणतीत नागपूर शहर चोवीस लाखांच्या घरात होते. म्हणजे नुसत्या गणिताने दोन-अडीचशे माणसे निघतात. त्यांतल्या कित्येकांच्या कार्डावर आजही ‘ओ’ लिहिलेले असेल. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घराण्यांत ही शक्यता वाढते, कारण हा गट येण्यास आई आणि बाप दोघांकडून तोच वारसा यावा लागतो. त्याच कारणाने सख्ख्या भावंडांत हा गट सापडण्याचा संभव साधारण चारांत एक, म्हणून दाता शोधताना भावंडांची तपासणी आधी करतात. गंमत अशी की, हे लोक आपल्या तांबड्या पेशी कोणत्याही गटाला देऊ शकतात (आर-एच तेवढा पाहावा लागतो). घेताना मात्र फक्त आपल्याच गटाचे चालते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी काहींचे स्वतःचेच रक्त काढून ठेवतात.

पण चुकीचे रक्त चढण्याचे प्रकार बहुतेक घडतात ते दुर्मीळ गटामुळे नव्हे, तर नावाच्या घोटाळ्यामुळे. एकाच वॉर्डात दोन देशमुख असले की नळीवरची चिठ्ठी बदलायला वेळ लागत नाही. पिशवी टांगताना सिस्टर रोग्याला पूर्ण नाव विचारतात, ते याचसाठी. तेव्हा घरच्यांनी वैतागू नये. सुरुवातीची पंधरा मिनिटे खाटेजवळच बसावे. रोग्याला हुडहुडी भरली, छाती आवळली, कंबर दुखू लागली, तर “थोडे सोस” असे न म्हणता तत्काळ हाक मारावी आणि रक्त तिथल्या तिथे थांबवून घ्यावे.