वेदना बालपणापासूनच असते तेव्हा

आजार पूर्ण बरा होवो वा न होवो, रुग्णाच्या वेदना, धाप, भीती आणि कुटुंबावर पडणारा भार हलका करणाऱ्या उपचारांना उपशामक सेवा म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. १९८६ साली मुंबईत सुरू झालेल्या शांती आवेदना सदनासारख्या संस्थांमुळे महाराष्ट्रात ही सेवा मुख्यतः कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांशी जोडली गेली. तळोदा तालुक्यात मात्र ही ओळख अपुरी पडते, कारण सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल व पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार माणसाला बालपणापासूनच वेदनेच्या स्वाधीन करतो.

या विकारात हिमोग्लोबिनमधील दोषामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथे रक्त पोचत नाही त्या हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही जेमतेम १० ते २० दिवस, त्यामुळे रक्तक्षयही कायमचाच असतो.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास कळांचे झटके कमी होतात. भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत हा वैद्यकीय सल्लाही योग्यच आहे. पण ज्या कुटुंबाला ऐन हिवाळ्यात ऊसतोडणीसाठी गुजरातेत जावे लागते आणि पहाटेच्या गारठ्यात फडात उतरावे लागते, त्याने तो पाळावा कसा? १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी मांडलेली 'समग्र वेदना' ही कल्पना इथे नेमकी लागू पडते, कारण शरीराच्या दुखण्यात बुडालेली मजुरी, सुटलेली शाळा आणि पुढच्या झटक्याची धास्ती मिसळलेली असते, आणि केवळ गोळी देऊन ती वेगळी काढता येत नाही.

तीव्र कळांवर मॉर्फिन प्रभावी ठरते, मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक तरतुदींमुळे अनेक रुग्णालये ते ठेवण्यास कचरू लागली. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी परवान्याची प्रक्रिया सोपी झाली खरी, पण कायदा बदलल्याने डॉक्टरांच्या मनातली भीती आपोआप जात नाही; त्यासाठी प्रशिक्षणच लागते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने २०४७ चे लक्ष्य ठेवले असून त्याचा मोठा भर तपासणीवर आहे. अभियानात उपचारही आहेत, तरीही आज वेदना भोगणाऱ्या मुलाच्या दृष्टीने खरी गरज आहे ती झटका आल्यास कोणते औषध किती द्यायचे हे लिहिलेल्या, गुजरातेतल्या डॉक्टरांनाही वाचता येईल अशा कार्डाची, हंगामभर पुरेल एवढ्या गोळ्यांची आणि परतल्यावर घरी येऊन विचारपूस करणाऱ्या आशा कार्यकर्तीची.