संकेतस्थळावरील पानाची मांडणी : साचा आणि मजकूर

पानाची मांडणी ही आपल्याकडे दीर्घकाळ मुद्रकाच्या अधिकारातील गोष्ट होती. समास किती सोडावा, दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी किती जाडीची घालावी, कवितेचा लांब चरण कोठे मोडावा, तळटीप कोणत्या टाइपात घ्यावी, हे लेखक क्वचितच सांगत असे. अनुभवी जुळारी ते जाणून असे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी अक्षराला जे सौष्ठव प्राप्त करून दिले आणि बापूराव नाईक यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथात ज्या विद्येची सविस्तर चिकित्सा केली, ती विद्या छापखान्याच्या भिंतींआड वाढली. आज साहित्यसंस्थांचे बरेचसे लेखन संकेतस्थळावर वाचले जाते, आणि तेथे जुळारी नाही. त्याचे काम संस्थेचा एखादा चिटणीस, एखादा शिक्षक किंवा संगणकाची आवड असलेला एखादा तरुण सभासद करीत असतो. अशा कार्यकर्त्याला आणि त्याच्यावर विसंबून असणाऱ्या संपादकाला उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने आम्ही प्रस्तुत विवेचन करीत आहोत.

संकेतस्थळ चालविण्यासाठी जी मजकूर-व्यवस्थापन प्रणाली वापरतात, तिचे मर्म एका विभागणीत आहे. मजकूर एके ठिकाणी साठविलेला असतो आणि त्याचे दृश्य रूप दुसरीकडे ठरविलेले असते. वाचकाने पान मागितले म्हणजे प्रणाली साठवणीतून लेख काढते, ठरलेल्या साच्यात घालते आणि तयार पान त्याच्यापुढे ठेवते. २७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी प्रसृत केलेली ‘वर्डप्रेस’ ही अशा प्रणालींपैकी सर्वांत अधिक प्रचारात असलेली असल्यामुळे पुढील उदाहरणे आम्ही तीमधूनच घेतली आहेत. तत्त्व मात्र इतर प्रणालींनाही लागू पडते.

दृश्य रूप ठरविणाऱ्या समुच्चयास ‘थीम’ म्हणतात. थीममध्ये निरनिराळे साचे असतात : मुखपृष्ठाचा एक, एकेका लेखाचा दुसरा, विभागाच्या सूचीचा तिसरा. साच्याची निवड करताना प्रणाली विशेषाकडून सामान्याकडे जाते. समजा, ‘कविता’ हा एक स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून नोंदविला आहे. तर कवितेचे पान दाखविताना प्रणाली प्रथम खास कवितेसाठी केलेला साचा शोधते. तो नसल्यास कोणत्याही एका लेखासाठी असलेला सर्वसाधारण साचा घेते. तोही नसल्यास अखेरच्या मूळ साच्यावर काम भागविते. व्याकरणात विशेष नियम सामान्य नियमाचा बाध करतो, तशीच ही व्यवस्था आहे. ती ध्यानात आली म्हणजे पानाची मांडणी आपल्या गरजेप्रमाणे बदलणे याचा खरा अर्थ उमगतो. योग्य पातळीवरचा साचा निवडून त्यात बदल करावयाचा, आणि प्रत्यक्ष लेखाला हात लावावयाचा नाही.

व्यवहारात याच्या उलट घडते. संपादकाला शीर्षक थोडे मोठे हवे असते. कार्यकर्ता त्या लेखात जाऊन तेवढे शीर्षक मोठे करतो. पुढच्या लेखात लेखकाचे नाव उजवीकडे हवे असते. तो तेथे मोकळ्या जागा टाकून ते सरकवितो. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये लेख ‘ब्लॉक’ जोडून तयार करतात, आणि प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र रंग, आकार व अंतर देता येत असल्यामुळे हा मोह अधिकच वाढला आहे. तीनशे लेख झाल्यावर तीनशे प्रकारच्या मांडण्या होतात. मग कोणी सुचविले की भ्रमणध्वनीवर अक्षर लहान दिसते, तर तीनशे लेख एकेक करून उघडावे लागतात. काही मांडणी-साधने तर आपल्या खुणा लेखाच्या मजकुरातच पेरून ठेवतात; पुढे ते साधन बंद केले की वाचकाला कंसातील निरर्थक आज्ञांच्या गर्दीत लेख शोधावा लागतो. मुद्रणालय बंद पडले तरी छापलेला अंक कपाटात सुरक्षित राहत असे. येथे मांडणीचे साधन बंद पडले तर अंकच वाचण्याजोगा राहत नाही. साहित्यसंस्थेच्या दृष्टीने या विषयाचे गांभीर्य याच ठिकाणी आहे.

हैदराबादसारख्या नगरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथील मराठी समाज तेलुगू, उर्दू, हिंदी व कन्नड यांच्या शेजारात राहिला. येथील मराठी साहित्य परिषदेने आपल्या त्रैमासिकाला ‘पंचधारा’ हे नाव दिले, ते या नगराच्या स्वभावास शोभणारेच होते. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या विद्वानाने उर्दू आणि फार्सी साहित्याचा परिचय मराठी वाचकांस करून दिला, त्यामागेही हाच शेजार होता. अशा परंपरेतील लेखात मराठी विवेचन, मध्येच तेलुगू पद्याच्या चार ओळी आणि पुढे उर्दू शेर, असे येणे स्वाभाविक आहे. इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या थीममध्ये असा लेख घातला तर काय होते, ते क्रमाने पाहू.

प्रथम देवनागरीचा विचार करू. इंग्रजी शीर्षकांसाठी थीमकार ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट ठेवतात. मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार व जोडाक्षरांचे पाय असतात. दोन ओळींचे शीर्षक झाले की वरच्या ओळीतील ‘कर्तृत्व’ खालच्या ओळीतील ‘कीर्ती’वर आदळते. म्हणून शीर्षकास निदान १.४ पट आणि चालू मजकुरास १.६ ते १.८ पट अंतर ठेवणे हितावह ठरते. इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या शीर्षकांत शोभेसाठी अक्षरे सुटी करण्याची प्रथा आहे. तीच आज्ञा देवनागरीला लागली की शिरोरेषेचे तुकडे पडतात, म्हणून ती शून्यावर आणावी. तिरप्या अक्षराची परंपरा आपल्या लिपीत नाही, तेव्हा जोर देण्यासाठी ठळक अक्षर पुरे. दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हट्टही अरुंद पडद्यावर सोडावा. आपले सामासिक शब्द लांब असल्यामुळे ओळीत मोठाल्या फटी पडतात. या सर्व सूचना संपूर्ण संकेतस्थळासाठी एकाच ठिकाणी नोंदविता येतात, आणि त्या तेथेच नोंदवाव्यात.

दुसरी गोष्ट भाषेच्या निर्देशाची. प्रत्येक पानाच्या पोटात ते कोणत्या भाषेतील आहे, याची एक अदृश्य नोंद असते. वर्डप्रेसच्या सामान्य मांडणीत मराठी भाषा निवडली की ही नोंद आपोआप मराठी होते. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या नोंदीचे परिणाम दोन आहेत. पहिला असा की, काही देवनागरी अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे साठविलेली असतात आणि भाषेची नोंद पाहून योग्य ते वळण दाखविले जाते. नोंद हिंदी राहिली तर मराठी लेख हिंदी वळणाच्या अक्षरांत दिसू लागतो. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. दृष्टिहीन वाचक ज्या वाचक-यंत्रणेच्या साहाय्याने लेख ऐकतो, ती याच नोंदीवरून उच्चार ठरविते. मराठी लेखातील तेलुगू किंवा उर्दू उताऱ्यास त्याच्या भाषेची नोंद नसेल, तर त्या वाचकाच्या कानी एक तर विपरीत ध्वनी पडतात, नाही तर तो उतारा गाळलाच जातो. वर्डप्रेसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत परिच्छेदातील काही शब्दांपुरतीही भाषा व लेखनदिशा नेमून देण्याची सोय आहे. ही नोंद मात्र मजकुरातच केली पाहिजे. कारण अमुक ओळी उर्दू आहेत हे सत्य मजकुराविषयीचे आहे, त्यांचा रंग कोणता हे साच्याविषयीचे आहे. काय कोठे ठेवावे याची कसोटी यातून मिळते. उद्या थीम बदलली तरी जे खरेच राहील ते मजकुरात, जे बदलेल ते साच्यात.

उर्दूचा प्रश्न दिशेचाही आहे. नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि प्रत्येक शब्द वरून खाली उतरत येतो. मराठीला पुरेसे असलेले ओळींतील अंतर तिला अपुरे पडते. दुपटीच्या आसपास ते न्यावे लागते. साच्यात ‘डावीकडे समास सोडा’ अशी आज्ञा असेल तर उर्दू उताऱ्याचा समास भलत्याच बाजूस पडतो. यासाठी पानाच्या मांडणीची आजची भाषा डावे-उजवे असे न म्हणता ओळीचा ‘आरंभ’ आणि ‘अंत’ असे म्हणण्याची सोय देते. आरंभाकडे समास सोडा असे सांगितले की मराठीत तो डावीकडे आणि उर्दूत उजवीकडे आपोआप सुटतो. एकच आज्ञा दोन्ही लिपींना न्याय देते. तेलुगूची दिशा मराठीचीच असली तरी तिची जोडाक्षरे खाली विस्तारतात, तेव्हा तिच्यासाठीही अंतर किंचित वाढविणे इष्ट.

अनुवादाच्या पानाचा साचा विशेष विचार मागतो. मूळ कविता एका स्तंभात आणि मराठी अनुवाद शेजारच्या स्तंभात, ही छापील पानाची जुनी व सुंदर रीत आहे. रुंद पडद्यावर ती तशीच उतरते. भ्रमणध्वनीवर दोन स्तंभ मावत नाहीत, म्हणून प्रणाली दुसरा स्तंभ पहिल्याच्या खाली ठेवते. मूळ कविता चाळीस ओळींची असली तर वाचक चाळीस ओळी ओलांडून अनुवादाशी पोहोचतो, आणि तुलनेचा आनंद नाहीसा होतो. यावर उपाय म्हणजे संपूर्ण कवितेचे दोन स्तंभ न करता प्रत्येक कडव्याची जोडी करणे : मूळ कडवे आणि त्याचा अनुवाद. मोठ्या पडद्यावर त्या जोड्या शेजारी-शेजारी दिसतात, लहान पडद्यावर कडव्याखाली त्याचा अनुवाद येतो.

स्वतंत्र कवितेतही असाच सूक्ष्म विचार लागतो. ओवीचा चौथा चरण आखूड असतो. तो आखूडपणा दिसला पाहिजे. परंतु लहान पडद्यावर लांब चरण आपोआप मोडतो, आणि कवीने मोडलेली ओळ कोणती व यंत्राने मोडलेली कोणती, हे कळेनासे होते. जुने जुळारी मोडलेल्या चरणाचा उरलेला भाग आत सरकवून जुळवीत. कवितेच्या साच्यात हीच आज्ञा एकदा लिहून ठेवली की आजवरच्या आणि यापुढच्या सर्व कवितांना ती लागू होते. वर्गात भ्रमणध्वनीवरून कविता शिकविणाऱ्या शिक्षकाला हा फरक किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको.

आता हे बदल कोठे साठवावेत, ते पाहू. थीमच्या मूळ धारिकांत थेट बदल केले, तर थीमची पुढील आवृत्ती येताच ते पुसले जातात. म्हणून जुन्या धाटणीच्या थीमसाठी ‘चाइल्ड थीम’ म्हणजे अपत्य-थीम करण्याची पद्धत आहे. ती मूळ थीमचे सर्व काही घेते आणि आपले तेवढे बदल वेगळे ठेवते. जानेवारी २०२२ मधील ५.९ या आवृत्तीपासून ब्लॉक-थीमचे साचे पडद्यावरच बदलता येऊ लागले. हे बदल विदागारात साठतात, त्यामुळे थीमच्या नव्या आवृत्तीने ते पुसले जात नाहीत. मात्र थीमच बदलली तर ते नव्या थीमला लागू होत नाहीत. म्हणून साच्यांची निर्यात करून एक प्रत संस्थेच्या दप्तरी ठेवावी. ‘कविता’, ‘अनुवाद’, ‘ग्रंथपरिचय’ या लेखनप्रकारांची नोंद थीममध्ये न करता स्वतंत्र प्लगिनमध्ये करावी, म्हणजे थीम बदलली तरी ते प्रकार हरवणार नाहीत. ‘पॅटर्न’ या नावाचे तयार आकृतिबंधही उपयोगी आहेत, परंतु साधा पॅटर्न लेखात घातला की त्याची नक्कल तेथे उतरते. मूळ आकृतिबंध सुधारला तरी जुन्या नकला तशाच राहतात.

याखेरीज एक काम कागदावरचे आहे. कोणता साचा कशासाठी केला, कोणते अंतर का निवडले, परवलीचे शब्द कोणाच्या स्वाधीन आहेत, याची दोन-चार पानांची टिपणी मराठीत लिहून संस्थेच्या कार्यवाहाकडे द्यावी. आमच्या साहित्यसंस्था स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. आजचा कार्यकर्ता उद्या नोकरीसाठी परगावी जातो. त्याच्या मनातील मांडणी त्याच्याबरोबर गेली, तर नवा माणूस सर्व मोडून नव्याने आरंभ करतो, आणि त्या मोडतोडीत जुने अंक प्रथम बळी पडतात.

नव्या संकेतस्थळाच्या उद्‌घाटनाच्या दिवशी ते किती आकर्षक दिसते, यावरून त्याच्या मांडणीची परीक्षा होत नसते. दहा वर्षांनी, दुसऱ्या कार्यकर्त्याच्या हाती, दुसऱ्या थीममध्ये, आज अस्तित्वात नसलेल्या आकाराच्या पडद्यावर, एका मराठी लेखातील तेलुगू पद्य आणि उर्दू शेर आपापल्या लिपीत, आपापल्या दिशेने, अखंड वाचता आले, तर मांडणी उत्तम साधली असे समजावे.