निळ्या पडद्याला भिऊ नका!

मैत्रिणींनो, घरातल्या यंत्रांची दुखणी आपल्याला बरोबर कळतात. मिक्सरला जळका वास आला की भांडं जास्त भरलंय, हे लगेच लक्षात येतं. कुकरची शिट्टी होत नसेल तर आपण आधी रिंग बघतो. शेगडीची ज्योत पिवळी झाली तर पिन घेऊन बर्नरची भोकं साफ करतो. यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही. पण कोपऱ्यातला कॉम्प्युटर अचानक निळाशार होऊन बंद पडला, की मात्र आपण दोन पावलं मागे सरकतो. ‘अहो, जरा बघता का?’ नाहीतर ‘बाळा, तू काय केलंस रे याला?’ आणि ते दोघंही घरी नसले तर थेट दुरुस्तीवाल्याला फोन.

पूर्वी हे चालून जायचं. कॉम्प्युटर म्हणजे मुलांचे गेम आणि ‘त्यांचं’ काम. आता तसं राहिलंय का? बचत गटाचे हिशेब, मसाल्याच्या ऑर्डरी, मुलीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रं, सासऱ्यांचे तपासणीचे रिपोर्ट, लग्नामुंजीचे फोटो, सगळं त्याच डब्यात असतं. म्हणून त्याचं दुखणं हे आपलंही दुखणं आहे.

बचत गटांच्या कामानिमित्त माझं घरोघरी जाणं असतं. त्यातल्याच एका मैत्रिणीची ही गोष्ट. ती घरी बसून टायपिंग करते, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. तिचा कॉम्प्युटर दिवसातून तीन-चार वेळा निळा पडायचा. दुरुस्तीवाला आला, म्हणाला, ‘ताई, विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ मारलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा पैसे. दुसऱ्या वेळी गटाची दोन वर्षांची खातेवहीही पुसली गेली. ‘आत काही ठेवायचं आहे का?’ असं त्यानं विचारलंच नव्हतं. मग बाराजणींची पासबुकं गोळा करून, रोज संध्याकाळी बसून आम्ही तो हिशेब परत लिहून काढला. आणि निळा पडदा? तो होता तिथेच!

हा पडदा नेमका असतो तरी काय? आपल्या मीटरपाशी एमसीबी असतो ना, तसंच काहीसं. वायरिंगमध्ये गडबड झाली की तो खटकन पडतो आणि घर वाचवतो. विंडोजला आत अशी चूक सापडली, की पुढं जाणं धोक्याचं वाटतं. मग आतली माहिती बिघडू नये म्हणून ते स्वतःच सगळं थांबवतं आणि थांबण्याचं कारण पडद्यावर लिहितं. म्हणजे निळा पडदा हा आजार नाही, ताप आहे. ताप कशानं आला, ते शोधायला हवं.

आणि हे फक्त आपल्याच घरी होतं असं मुळीच नाही हं. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर उभे असताना, विंडोज ९८ दाखवताना स्कॅनर जोडला आणि सगळ्यांसमोर निळा पडदा आला. सभागृह हसलं, गेट्सही हसले. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात एकाच दिवशी कॉम्प्युटर निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ते सुमारे ८५ लाख होते. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा ‘मी काहीतरी चुकीचं बटण दाबलं’ ही भीती आधी मनातून काढून टाका.

खोटा पडदा ओळखा

आधी एक सावधगिरीची गोष्ट. इंटरनेट बघताना कधीकधी पूर्ण पडदा निळा होतो, भोंगा वाजतो आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असा मजकूर येतो. ही शुद्ध फसवणूक! खऱ्या निळ्या पडद्यावर कधीही फोन नंबर नसतो आणि तो पैसेही मागत नाही. अशा वेळी फोन करू नका, कुणाला आपला कॉम्प्युटर दूरून चालवायला देऊ नका. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि इंटरनेटचा ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा.

आणखी एक. विंडोज ११ असेल तर २०२५ मधल्या अपडेटनंतर हा पडदा निळा नसून काळा दिसतो. रंग बदलला तरी अर्थ तोच.

तपासणी कशी करायची?

पहिलं काम: पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावर इंग्रजीत ‘स्टॉप कोड’ असं लिहून पुढे दोन-चार शब्द असतात. सगळा अर्थ त्यातच आहे. शिवाय एका वहीत तारीख, वेळ आणि तेव्हा काय चालू होतं ते लिहा. प्रिंट काढताना? पेनड्राइव्ह लावल्यावर? दुपारी उन्हाच्या वेळी? चार नोंदी झाल्या की कारण बऱ्याचदा आपोआप दिसायला लागतं. नोंद राहून गेली असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं टाइप करा. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ उघडलं की तारखेवार लाल फुल्या दिसतात.

दुसरं काम: कॉम्प्युटर चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. बाकी सगळं यानंतर. पाहुणे आले म्हणून आधी दागिने कपाटात ठेवतो ना, तसं.

आता कोड काय सांगतो? ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट’ असे शब्द असतील तर संशय रॅमवर घ्यायचा, कधीकधी ड्रायव्हरवरही. ‘अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम’ किंवा ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असेल तर हार्ड डिस्क किंवा तिची केबल. ‘आयआरक्यूएल’नं सुरू होणारा कोड बहुतेक वेळा ड्रायव्हरचा. ‘डब्ल्यूएचईए’नं सुरू होणारा असेल तर दोष यंत्राच्या भागात, उष्णतेत किंवा वीजपुरवठ्यात. आणि दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर रॅम आधी तपासा. पडदा न येता कॉम्प्युटर फटकन बंद होत असेल, तर ते दुखणं वेगळं. तिथे उष्णता, पॉवर सप्लाय आणि घरातली वीज बघायची.

ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वेबकॅम, स्क्रीन अशा प्रत्येक भागाशी विंडोजचं बोलणं करून देणारा दुभाषी. तो चुकीचं बोलला की गोंधळ. म्हणून आठवा, पडदा यायला लागला त्याच्या आधी घरात नवीन काय आलं? नवा प्रिंटर, नवा प्रोग्राम, एखादं अपडेट? ते आधी काढून बघा. कीबोर्ड आणि माउस सोडून बाकी सगळं उपसून दोन दिवस चालवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असं बटण असतं. ते दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर परत येतो.

विंडोज नीट सुरूच होत नसेल तर सेफ मोड वापरा. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी ४ चं बटण. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अगदी गरजेच्या गोष्टी घेऊन चालतं. तिथे पडदा येत नसेल, तर दोष बहुधा बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा.

आता उष्णता. आपल्या गावाकडची धूळ तुम्हाला वेगळी सांगायला नको! पंख्यावर आणि त्याखालच्या जाळीवर धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, बाजूची पत्र्याची झाकणी उघडा आणि कोरड्या रंगाच्या ब्रशनं हलकेच धूळ काढा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. ओलं फडकं अजिबात नको. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. डबा भिंतीला चिकटून किंवा कपाटाच्या बंद खणात असेल तर बाहेर काढा. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थिंगच नसतं, तेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

रॅम तपासायला विंडोजमध्येच सोय आहे. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा. कॉम्प्युटर परत सुरू होऊन स्वतःची परीक्षा घेतो आणि नंतर निकाल सांगतो. विंडोजच्याच फाइली बिघडल्याची शंका असेल, तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एसएफसी’, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘स्कॅननाऊ’ हा एकच शब्द इंग्रजीत लिहा. बिघडलेल्या फाइली तो शोधतो आणि जमेल तितक्या दुरुस्त करतो.

एक नियम मात्र पाळा. एका वेळी एकच बदल. आमटीत मीठ, चिंच आणि गूळ एकदम टाकलं तर चव कशानं बदलली ते कळणार कसं?

मग त्या मैत्रिणीचं काय झालं?

कॉम्प्युटर डिप्लोमा करणारी तिची भाची सुट्टीत आली होती. दोघी वही घेऊन बसल्या. पहिला विचार असा, की दोन वेळा कोरं विंडोज घालूनही पडदा येतोय, म्हणजे दोष विंडोजमध्ये नसावा. दुसरा, दर वेळी कोड वेगळा. मेमरीची परीक्षा घेतली, तर त्यात दोष निघाला. तिच्या कॉम्प्युटरमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. प्लग काढून, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. दोन्ही पट्ट्या कडांना धरून काढल्या, परत नीट टक् असा आवाज येईपर्यंत बसवल्या. तरी पडदा आला. मग एकच पट्टी ठेवून दोन दिवस चालवलं. काही नाही. ती काढून दुसरी लावली, तासाभरात पडदा हजर! चोर सापडला. तिनं तेवढी एक पट्टी बदलली. नवी पट्टी जुन्याच जातीची घ्यावी लागते, डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही, हेही त्या दिवशी आम्हाला कळलं. (लॅपटॉप असेल तर मात्र उघडायच्या भानगडीत पडू नका, तो जाणत्याकडेच न्या.)

माझं सांगणं असं नाही की दुरुस्तीवाला नकोच. डॉक्टर लागतातच. पण डॉक्टरकडे जाताना आपण कधीपासून ताप आहे, काय खाल्लं होतं, हे सांगतो ना? तसंच इथं. फोटो आणि वही दाखवा. ‘फॉरमॅट’ हा शब्द आला की विचारा: कशावरून? माझ्या फाइली आधी कुठे उतरवणार? विंडोज सुरू होत नसलं तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, आणि डिस्क चांगली असेल तर फाइली मिळतात. नव्या कॉम्प्युटरमध्ये डिस्कला कुलूप घातलेलं असू शकतं, त्यासाठी ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. ती आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून बघून कागदावर लिहून ठेवा. भाग बदलला तर जुना भाग परत मागा आणि वॉरंटी लिहिलेलं बिल घ्या. तुम्ही चार प्रश्न विचारताय म्हटल्यावर समोरचाही जरा जपून बोलतो, हा माझा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात ठेवा, त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पडदा येत नसला तरी पुढचं काय करायचं, हे घरात बसून ठरवायला हवं.

शेवटी एवढंच, या रविवारी दुपारचं आवरलं की अर्धा तास काढा. एक पेनड्राइव्ह घ्या, गटाचा हिशेब, मुलांची कागदपत्रं, फोटो त्यात उतरवा आणि तो डबीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा. दर महिन्याला गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तशी त्याचीही तारीख कॅलेंडरवर लिहा. यंत्र कधीतरी बिघडणारच. आपली दोन वर्षांची मेहनत त्याच्याबरोबर जाऊ द्यायची की नाही, हे मात्र आपल्याच हातात आहे.